हिवतापाला वय कळते

१६०४ ते १६३४ या तीस वर्षांत जुन्या गोव्याच्या रॉयल इस्पितळात पंचवीस हजार पोर्तुगीज सैनिक दगावले, असा आकडा पोर्तुगीज अमदानीच्या इतिहासात नेहमी दिला जातो. रणात पडलेले वेगळे. हे खाटेवर गेलेले. लिस्बनहून निघालेली जहाजे सहा-सात महिन्यांनी मांडवीच्या मुखाशी लागत. त्यांतून उतरणारे शिपाई ऐन विशीतले, काहींना तर अजून मिसरूडही फुटलेले नसे. प्रवासातच स्कर्व्हीने अर्धमेले झालेले, आणि गोव्यात पाय ठेवल्यावर हगवण, पटकी आणि ताप. सगळेच हिवतापाचे बळी नव्हते, पण ताप या यादीतून कधी गळला नाही.

पुढे शहरच ओस पडत गेले. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये आपले बिऱ्हाड पणेलीला हलवले, १७५९ मध्ये पणजीला. १७७० च्या दशकात लिस्बनचा सर्वेसर्वा मार्किस द पोंबाल याला जुने शहर पुन्हा उभारायची हुक्की आली. हुकूम सुटले, मजूर आणले गेले, पडक्या वाड्यांची दगडमाती उपसायला सुरुवात झाली आणि मजूर तापाने मरू लागले. काम गुंडाळावे लागले. अखेर १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सगळ्याचे खापर फुटले ते हवेवर. तिथली हवाच विषारी, असे सगळे म्हणत.

हवा विषारी होती तर ती सगळ्यांनाच सारखी लागायला हवी होती. मांडवीच्या दोन्ही तीरांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे त्याच हवेत भात लावत होती, मासे धरत होती. ताप त्यांनाही येई, पण मुख्यतः लहानपणी. जो त्यातून वाचला तो मोठेपणी दोन दिवस घोंगडी पांघरून पडे आणि तिसऱ्या दिवशी शेतावर जाई. विशीतला परका शिपाई मात्र पहिल्याच पावसाळ्यात संपे. वय तेच, डास तेच. फरक होता तो त्या दोन शरीरांच्या इतिहासात. हे उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

पेडणे आणि डिचोली हे तालुके या कहाणीत उशिरा आले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले, आणि 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका सुरू होतो आणि लगेच धारगळ लागते. एका अंगाला शापोऱ्याच्या काठची सखल शेते, दुसऱ्या अंगाला जांभ्याचे सडे. अशा गावांत हिवताप हा घरचाच पाहुणा होता. हीव भरले की गोधड्या, ताप चढला की ओली फडकी, आणि घाम सुटला की किराईताचा कडूजहर काढा. पुढे कोयनेल आले. एकाआड एक दिवस येणारा आणि तीन दिवसांनी येणारा असे तापाचे प्रकार आयुर्वेदाने तृतीयक आणि चतुर्थक म्हणून कधीच वेगळे केले होते. आज्यांनाही ते बोटांवर मोजून सांगता येत. पोराची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे हे त्यांना पोट पाहूनच कळे.

या पानथरीतूनच शास्त्राला पहिला धागा मिळाला. उत्तरेत यमुनेच्या पश्चिम कालव्याभोवती ताप का वाढतो याचा शोध घ्यायला ईस्ट इंडिया कंपनीने १८४५ मध्ये एक समिती नेमली. तिच्यात बेकर आणि यूल हे दोघे इंजिनियर आणि टी. ई. डेम्प्स्टर हा डॉक्टर होता. समितीचा अहवाल १८४७ चा. परजीवी कोणाला ठाऊक नव्हता, डासावर कोणाचा संशय नव्हता. डेम्प्स्टरने एक साधी गोष्ट केली: गावात जायचे आणि लोकांच्या पोटाला हात लावून पाहायचे. मूल समोर उभे करायचे किंवा पाठीवर झोपवायचे, गुडघे दुमडायला सांगायचे आणि डाव्या बरगडीच्या कडेखाली बोटांची टोके अलगद रुतवायची. मुलाने दीर्घ श्वास घेतला की पडदा खाली येतो आणि त्याबरोबर पानथरीची घट्ट, बोथट कड बोटांना येऊन टेकते. निरोगी पोरात हाताला काहीच लागत नाही. कोणाची दोन बोटे खाली आलेली, कोणाची बेंबीपर्यंत. शंभर मुलांत कितीजणांची अशी हाताला लागते, तो त्या गावाचा पानथरी-निर्देशांक. सूक्ष्मदर्शक नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी गावाचा ताप मोजता येतो. माझ्या मते भारतात लागलेल्या सार्वजनिक आरोग्याच्या शोधांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. १९५० मध्ये कंपाला येथील मलेरिया परिषदेत गावांची वर्गवारी ठरली तीही याच मापावर: दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत पानथरी दहा टक्क्यांच्या आत तर ताप सौम्य, पन्नासच्या वर गेली तर तीव्र, पंचाहत्तरच्या वर गेली तर अतितीव्र.

पण या शेवटच्या पायरीवर एक चमत्कारिक अट आहे. अतितीव्र गाव ओळखायचे तर मुलांची पानथरी मोठी हवी आणि मोठ्यांची लहान. म्हणजे ताप जितका जास्त तितकी थोर माणसे त्यापासून मोकळी! मोठ्यांना डास चावत नव्हते असे नाही. त्यांच्या शरीराने ताप पचवायला शिकून घेतले होते.

हे पहिल्यांदा आकड्यांत मांडले रॉबर्ट कॉखने. क्षयाचा जंतू शोधणारा हा जर्मन माणूस १८९९ मध्ये जावाला आणि तिथून न्यू गिनीला गेला. लाव्हेरॉनने १८८० मध्ये अल्जीरियात परजीवी पाहिला होता आणि रॉसने १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात तो शोधला होता. कॉखने वेगळाच प्रश्न विचारला: रक्तात परजीवी कोणत्या वयात सापडतात? त्याने गावातल्या माणसांचे रक्त वयानुसार वाटून पाहिले. तान्ह्यांत आणि लहान मुलांत परजीवी भरपूर, मोठ्यांत जवळपास नाहीत. न्यू गिनीत तर बागायतींवर बाहेरून आणलेले प्रौढ मजूर तापाने पडत होते आणि शेजारच्या गावातले त्यांच्याच वयाचे लोक धडधाकट होते. कॉखचा निष्कर्ष सरळ होता: ही प्रतिकारशक्ती जन्मजात नाही, वंशाची नाही, ती वर्षानुवर्षे ताप सोसून कमावलेली आहे. जुन्या गोव्याच्या त्या इस्पितळाचे कोडे इथे सुटले, पण तेव्हा तिकडे कोणाचे लक्ष गेले नसावे.

या शोधाचा उपयोग काय झाला, हेही सांगितले पाहिजे. स्टीफन्स आणि क्रिस्टोफर्स हे दोघे रॉयल सोसायटीच्या वतीने पश्चिम आफ्रिकेत गेले आणि तिथल्या मुलांच्या रक्तातही परजीवी सापडले. मग सल्ला काय, तर या मुलांवर औषधपाणी करा असा नव्हे. गोऱ्यांनी काळ्या वस्त्यांपासून लांब घरे बांधावीत असा. मूल हे तापाचे कोठार, म्हणून मुलापासून दूर राहा. शास्त्र खरे आणि सल्ला निलाजरा, असे इतिहासात अनेकदा झाले आहे.

तोच क्रिस्टोफर्स पुढे भारतात बरीच वर्षे राबला. १९२४ मध्ये त्याने सिंहभूममधल्या, म्हणजे आजच्या झारखंडमधल्या, कोल आदिवासींच्या वस्त्यांतली नोंद प्रसिद्ध केली. पहिल्या दोन वर्षांत मुलाच्या रक्तात परजीवींचा पूर. मूल वाचले तर हळूहळू संख्या उतरते. मोठेपणी परजीवी क्वचित दिसतात, ताप त्याहून क्वचित. म्हणजे शरीर आधी तापाशी जमवून घ्यायला शिकते आणि मग परजीवीला आवरायला. दोन्ही धडे वेगळे आहेत आणि दुसरा फार सावकाश मिळतो. या क्रिस्टोफर्सला स्वतःला मात्र वयाने चांगलीच साथ दिली. १८७३ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १९७८ मध्ये वारला, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी.

आता शरीरात नेमके काय चालते ते पाहू. तान्हे मूल जन्मतः आईचे प्रतिपिंड घेऊन येते आणि त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते, ते परजीवीला फारसे मानवत नाही. म्हणून आई हिवतापाच्या गावची असेल तर पहिले काही महिने मूल बऱ्यापैकी सुरक्षित. ही शिदोरी सहाएक महिन्यांत संपते आणि खरा धोका सुरू होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय आणि मेंदूचा हिवताप ही मरणाची मुख्य कारणे. दरम्यान प्रत्येक ताप शरीराला काहीतरी शिकवतो. फाल्सिपॅरम जातीचा परजीवी लाल पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन उभे करतो आणि त्याचे सुमारे साठ वेश त्याच्या गुणसूत्रांत तयार असतात. प्रतिपिंडांनी एक वेश ओळखला की तो दुसरा चढवतो. एक ताप म्हणजे एक-दोन वेशांची ओळख. लहानपणी वरचेवर ताप सोसल्याशिवाय सगळ्यांची ओळख होत नाही. १९६१ मध्ये गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन काढून तिथल्याच आजारी मुलांना टोचले, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. मोठ्यांनी कमावलेले धडे सुईतून मुलांना देता येतात, हे त्या प्रयोगाने दाखवले.

पण वय म्हणजे फक्त तापांची संख्या का? हा प्रश्न इंडोनेशियाने सोडवला. जावातून हिवताप जवळजवळ हटलेला. तिथली हजारो कुटुंबे सरकारने इरियन जायाच्या जंगलात वसवली. आई-बाप आणि मुले दोघेही हिवतापाला कोरे, दोघांना एकाच दिवशी, एकाच घरात ताप सुरू. केविन बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्सो भागात त्यांचा मागोवा घेतला. सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसे मुलांपेक्षा जास्त गंभीर झाली. पण वर्ष-दोन वर्षांत तीच मोठी माणसे जन्मापासून तिथे राहणाऱ्यांसारखी सावरली, मुले मात्र मागेच राहिली. म्हणजे प्रौढ शरीराला हा विषय लवकर समजतो, पण पहिलाच पेपर त्याला फार जड जातो. मुलांना रक्तक्षय मारतो तर कोऱ्या प्रौढाला कावीळ, निकामी होणारी मूत्रपिंडे आणि पाण्याने भरणारी फुप्फुसे. रॉयल इस्पितळातला विशीतला शिपाई आठवा: तो त्या पहिल्या पेपरला बसला होता. दोन वर्षे काढली असती तर कदाचित टिकला असता, पण दोन वर्षे त्याला मिळत नव्हती.

एक अपवाद बायकांचा. मोठ्या झालेल्या, तापाला सरावलेल्या बाईलाही पहिल्या गरोदरपणात हिवताप पुन्हा घेरतो, कारण वारेत चिकटून बसणाऱ्या परजीवीचा वेश तिच्या शरीराने आधी कधी पाहिलेला नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो ओळखीचा होतो. इथे वय बाळंतपणांनी मोजावे लागते.

गोव्याच्या दक्षिण वेशीला लागून असलेला उत्तर कानडा (कारवार) जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. घाटाखालच्या आणि घाटातल्या झऱ्यांत वाढणारा ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस हा डास तिथल्या तापाचा कर्ता. १९४५-४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात केली. फवारणी फळली की नाही हे कळायला मोठ्या माणसांचे रक्त उपयोगाचे नव्हते. त्यात जुने परजीवी असू शकत. म्हणून तान्ह्यांचे रक्त पाहायचे. फवारणीनंतर जन्मलेले मूल ताप न घेता वर्षाचे झाले म्हणजे गावातला संसर्ग थांबला. कारवारच्या यशावरच १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला आणि १९५८ मध्ये तो निर्मूलनाचा झाला. मुक्तीनंतर गोवाही त्यात आला. देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असत, ते १९६५ मध्ये लाखभरावर आले.

आणि इथेच हिशेब उलटला. ज्या पिढीला ताप आला नाही, तिला धडाही मिळाला नाही. १९७६ पर्यंत देशातले रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, आणि आता तापणारी फक्त पोरे नव्हती. मादागास्करच्या उंच पठारावरही असेच घडले: तिथे जवळपास तीस वर्षे ताप थांबला होता, १९८० च्या दशकात तो परतला, तेव्हा लहानपणी जुना हिवताप सोसलेले चाळिशीपुढचे लोक तुलनेने वाचले आणि मधली पिढी सापडली. म्हणजे शरीराची आठवण अगदीच तकलादू नाही. पण ती ज्यांच्याकडे होती ती माणसे दरवर्षी कमी होत जातात.

गोव्यात हे परतणे १९८६ मध्ये पणजीत सुरू झाले. या वेळी डास झऱ्यातला नव्हता. ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा शहरी डास विहिरींत, टाक्यांत आणि बांधकामांवर वाढतो. सी. ए. बेंटलीने १९११ मध्ये मुंबईच्या विहिरींत याच डासाला पकडले होते. पणजीपाठोपाठ किनाऱ्यावरच्या कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांच्या बांधकामांवर तो पसरला. बांधकामावर जाऊन पाहा. स्लॅब ओतला की तो तडकू नये म्हणून त्यावर सिमेंटच्या बोटभर उंचीच्या पाळी घालून चौकोन करतात आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. वर आभाळ, खाली उबदार काँक्रीट, पाणी स्वच्छ. चौथ्या-पाचव्या दिवशी वाकून पाहिले तर पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या बारीक अळ्या दिसतात. घरच्या डासाच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लटकतात, त्यांच्याशी गल्लत होत नाही. आणि मजूर खाली, त्याच इमारतीत, विनाखिडकीच्या खोलीत झोपतात. मलेरिया संशोधन केंद्राच्या गोव्यातल्या शाखेतल्या अश्वनी कुमार आणि सहकाऱ्यांनी इथे अळ्या मारणारे जिवाणू आणि ॲप्लोकिलस ब्लोकी नावाचा देशी चिमुकला मासा वापरून पाहिला आणि तो उपयोगी ठरला. बांधकाम मजुरांचे रक्त तपासून त्यांना आरोग्यकार्ड देण्याची सक्तीही गोव्याच्या आरोग्य कायद्यात आली.

गोव्याच्या रुग्णांत तरुण पुरुषांचा भरणा का, हे यातून समजते. इथला ताप पाळण्याभोवती फिरत नाही, कामाच्या जागेभोवती फिरतो. त्यातही व्हायवॅक्स जातीचा परजीवी जास्त, जो यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून त्यावर प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि बरे वाटताच चौथ्या दिवशी ते सोडून देण्याची सवय सगळीकडे आहे.

आता पुन्हा धारगळला येऊ. मोपाच्या सड्यावरचा विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, दोन्हींचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी एकाच दिवशी झाले. त्याआधीची काही वर्षे आणि त्यानंतरही हा तालुका खणला जातो आहे: महामार्ग, हॉटेले, वसाहती. तिळारीचे कालवे इथल्या शेतांतून गेले आहेत. या कामांवर कोण येते? ओडिशा, झारखंडहून येणारा तिशीतला माणूस कदाचित क्रिस्टोफर्सच्या कोलांचा पणतू असेल. लहानपणी ताप सोसलेला, अंगात थोडे परजीवी असूनही धडधाकट काम करणारा. त्याच्या शेजारी वीट उचलणारा, हिवताप न पाहिलेल्या जिल्ह्यातून आलेला वीस वर्षांचा पोरगा कोरा. पहिल्याला ताप नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि दुसरा पहिल्याच तापात कावीळ होऊन पडतो. दोघांच्या मध्ये एक डास. परप्रांतीय मजुरांनी मलेरिया आणला असे गोव्यात सरसकट बोलले जाते. यात अर्धे सत्य आहे आणि ते सोयीचे अर्धे आहे. परजीवी त्यांच्या रक्तातून आला असेल. डास ठेकेदाराच्या पाण्यात वाढला.

आणि गावकऱ्यांचे काय? धारगळच्या आज्याने लहानपणी कमावलेली प्रतिकारशक्ती आज्याबरोबर गेली. आजचा सत्तर वर्षांचा बाप्पा आणि त्याचा सात वर्षांचा नातू, दोघेही हिवतापाला जवळजवळ कोरे आहेत. उलट बाप्पाचे जास्त वाईट. ब्रिटनमध्ये परदेशातून हिवताप घेऊन परतणाऱ्यांच्या १९८७ ते २००६ या वीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर पासष्टीपुढच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तरुणांच्या कितीतरी पट आढळते. चतुर्थीला लंडनहून घरी येणारा गोंयकार लहानपणी कितीही भिजला असला तरी इतक्या वर्षांनी त्याने स्वतःला इथला समजू नये.

लस आली आहे ना, असे कोणी म्हणेल. आली आहे. आरटीएस,एस लसीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये. पण तिथेही वय आडवे आले. आरटीएस,एसच्या चाचण्यांत दीड महिन्याच्या बाळांपेक्षा पाच महिन्यांपुढच्या मुलांत ती स्पष्टपणे जास्त लागू पडली, म्हणून दोन्ही लशी पाच महिन्यांपासून देतात. त्या आफ्रिकेच्या मुलांसाठी आहेत, धारगळच्या स्लॅबवरच्या पोरासाठी नाहीत.

भारताने २०३० पर्यंत हिवताप हटवायचे ठरवले आहे. तोवर पेडणे तालुक्यातल्या ठेकेदारांना एवढेच सांगणे: स्लॅबवरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सुकू द्या, आणि मजूर कामावर घेताना तापलेल्याचेच नव्हे, न तापलेल्याचेही रक्त तपासून घ्या. आणि घरात कोणालाही थंडी वाजून ताप आला, मग तो पाच वर्षांचा असो वा पंच्याहत्तरचा, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बोटाचे रक्त द्या. ही तपासणी तिथे फुकट होते.